शास्त्रीय संगीताचा मोठा डिजिटल संग्रह नीट लावायचाय – राग, ताल, साथीदार टॅगमध्ये कुठे टाकता?

भीमपलास_सांगली

नमस्कार मंडळी. घरातलं सगळं गाणं एकदाचं एका हार्डडिस्कवर आणलंय, साधारण एक टेराबाईट आहे, आणि आता ते नीट लावायला बसलोय तर सुरुवातच कुठून करावी कळत नाहीये. त्यात सीडीवरून काढलेल्या फ्लॅक फायली (आवाज जसाच्या तसा ठेवून जागा वाचवणाऱ्या) आहेत, वडिलांच्या कॅसेट संगणकावर घेतल्या त्याच्या लांबच लांब वेव्ह फायली आहेत (कॅसेटची एक बाजू म्हणजे एक फाईल, सलग पंचेचाळीस मिनिटं), रेडिओवरून टेप केलेलं आहे, खाजगी बैठकांचं रेकॉर्डिंग आहे आणि मित्रांकडून पेनड्राइव्हवर आलेल्या एमपीथ्री आहेत ज्यात निम्म्यांवर नुसतं 'ट्रॅक ०१' आणि 'अननोन आर्टिस्ट' लिहिलंय.

मुख्य अडचण अशी की ही सगळी सॉफ्टवेअरं सिनेमाच्या गाण्यांसाठी बनवल्यासारखी वाटतात, गाणं-गायक-अल्बम एवढंच त्यांना कळतं. आपल्याकडे राग आहे, ताल आहे, बंदिश आहे, लय आहे, तबल्यावर कोण पेटीवर कोण हे आहे, ते सगळं कुठे टाकायचं? शीर्षकात सगळं कोंबलं तर फोनच्या स्क्रीनवर अर्धंच दिसतं. फोल्डर गायकाप्रमाणे करू की रागाप्रमाणे? नावं मराठीत लिहू की इंग्रजीत? आणि बडा ख्याल छोटा ख्याल (आधीचा संथ आणि मागून येणारा जलद) एकाच फाईलमध्ये ठेवायचे की तोडायचे?

घरी विंडोजवर फूबार (गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर) वापरतो, बाहेर फोनवर ऐकतो. आईला मात्र संध्याकाळी मारवा किंवा पूरिया हवा असतो, कुणाचाही चालतो, तिला गायक आठवून फोल्डर उघडत बसायचं नाहीये, राग निवडला की गाणं लागलं पाहिजे. तेवढं जमलं तरी माझं बरंचसं काम झालं.

---

टेपस्पूल

भीमपलास, आधी फोल्डरचा प्रश्न निकालात काढा कारण त्यावरच लोक महिनोन्महिने अडकून बसतात. फोल्डर फक्त मुख्य कलाकाराप्रमाणे, त्याच्या आत एक मैफल किंवा एक सीडी म्हणजे एक फोल्डर, बस. रागाप्रमाणे फोल्डर केले की एकाच मैफलीतला यमन एकीकडे जातो, ठुमरी दुसरीकडे आणि शेवटची भैरवी तिसरीकडे, आणि ती मैफल त्या क्रमानं परत कधी ऐकायलाच मिळत नाही. मैफलीचा क्रम हा गायकानं विचार करून लावलेला असतो, तो मोडू नका. रागाप्रमाणे शोधणं हे टॅगचं (फाईलच्या आतच साठवलेल्या माहितीचं) काम आहे, फोल्डरचं नाही.

आता टॅग. फ्लॅकमध्ये तुम्ही स्वतःच्या नावाची कितीही फील्ड (माहितीचे रकाने) बनवू शकता आणि एका फील्डमध्ये एकाहून जास्त किमतीही (म्हणजे नोंदी) ठेवता येतात, म्हणून राग, ताल, लय, बंदिश, प्रकार (ख्याल, तराणा, ठुमरी, नाट्यपद, अभंग वगैरे) ही सरळ वेगळी फील्ड करा. एमपीथ्रीमध्येही जमतं, तिथं ती वापरकर्त्याच्या जादा मजकुराच्या चौकटीत जाऊन बसतात आणि फूबार आणि एमपीथ्रीटॅग (टॅग लिहायचं सॉफ्टवेअर) दोघांनाही वाचता येतात. वेव्हमध्ये टॅगचा भरवसा नाही, एका सॉफ्टवेअरनं लिहिलेला दुसऱ्याला दिसेलच असं नाही, त्यामुळे त्या कॅसेटच्या फायली आधी फ्लॅक करून घ्या, आवाजात काहीही फरक पडत नाही आणि जागा जवळजवळ निम्म्यावर येते. सीडीच्या दर्जाची वेव्ह मिनिटाला १० एमबीच्या आसपास खाते, हिशेब तुम्हीच करा.

जी फील्ड तयार मिळतात त्यांचा वापर असा करा. आर्टिस्टमध्ये फक्त मुख्य कलाकार, जुगलबंदी असेल तर दोन वेगळ्या किमती, मध्ये 'आणि' घालून एकच नाव करू नका नाहीतर तो तिसराच माणूस तयार होतो. परफॉर्मरमध्ये साथीदार, नावापुढे कंसात वाद्य, तानपुऱ्यावर मागे बसून गायन साथ करणारे शिष्यसुद्धा, कारण त्यातलेच काही पुढे मोठे गायक होतात आणि मग त्यांचं तरुणपणीचं काही आहे का हे शोधताना हीच फील्ड कामी येते. कंपोझरमध्ये राग टाकणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका, तिथं बंदिशीचा रचनाकार हवा. आपल्याकडे बंदिशीतच मुद्रा (रचनाकाराचं टोपणनाव) असते त्यामुळे बरेचदा ऐकूनच कळतं, सदारंग अदारंग तर आहेतच पण प्रेमपिया म्हणजे फैयाज खाँ, गुणीदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, रामरंग म्हणजे रामाश्रय झा. हे भरलंत की एका रचनाकाराच्या बंदिशी वेगवेगळ्या घराण्यांच्या लोकांनी कशा गायल्या ते एका झटक्यात समोर येतं, माझ्या मते सगळ्या टॅगिंगमधला सर्वात आनंदाचा भाग हाच.

वर्षाचं बघा. सीडीवर छापलेलं साल हे सीडी निघाल्याचं साल असतं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले आणि त्यांच्या गाण्यापुढे १९९० च्या पुढचं साल दिसतं ते यामुळे. रेकॉर्डिंगचं साल आणि प्रकाशनाचं साल अशी दोन फील्ड ठेवा, रेकॉर्डिंगचं माहीत नसेल तर ते रिकामं सोडा. अंदाजानं भरलेलं साल पुढे खरं म्हणून फिरतं आणि मग ते कुणी दुरुस्त करत नाही.

बडा-छोटा ख्यालाबद्दल: मी तोडतो, पण सम (तालाची पहिली मात्रा) पाहून तोडतो, मधली एक तिहाईसुद्धा (तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा) अर्धी होता कामा नये. फ्लॅकमध्ये दोन फायली लागोपाठ वाजताना मध्ये पोकळी येत नाही. एमपीथ्री तोडल्या तर काही प्लेअरवर बारीकसा खंड ऐकू येतो आणि तानपुरा चालू असताना तो फार खटकतो, तिथे न तोडलेलंच बरं.

---

काळीचार

वरचं सगळं बरोबर, त्यात एक घाला, बिरुदं. पंडित, पं., पण्डित, उस्ताद, डॉ., विदुषी, गानतपस्विनी हे सगळं आर्टिस्टच्या नावाला चिकटलं की निम्मा संग्रह 'प' खाली जाऊन बसतो आणि एकच गायक चार नावांनी चार ठिकाणी दिसतो. मी बिरुद सरसकट काढून टाकलंय. तसंच टोपणनावांचं, सवाई गंधर्व की रामभाऊ कुंदगोळकर, वझेबुवा की रामकृष्णबुवा वझे, एक ठरवा आणि तेच सगळीकडे.

---

मारव्याची_वाट

बिरुद काढून टाकायला माझं मन होत नाही. मोगूबाई कुर्डीकर नुसतं लिहिताना ठीक वाटतं, त्यांना सगळे तसंच म्हणतात, पण ज्या बुवांकडे मी शिकले त्यांचं नाव पंडितजींशिवाय लिहायला हात धजत नाही. यावर उपाय आहे की. दिसायचं नाव आणि क्रम लावायचं नाव अशी दोन वेगळी फील्ड असतात, आर्टिस्ट आणि आर्टिस्ट सॉर्ट. दिसणाऱ्यात पूर्ण मानानं लिहा, क्रमाच्या फील्डमध्ये बिरुद न लावता. फक्त दिसणारं नावही प्रत्येक फाईलवर अक्षरन् अक्षर तेच हवं, एकीकडे पं. आणि दुसरीकडे पंडित असं चालणार नाही.

---

सानंद_फ्रीमाँट

इकडे बे एरियात आमच्या ओळखीतल्या दोन-तीन घरांचे संग्रह मी लावून दिलेत, तेवढ्यावरून सांगतो. मराठी की इंग्रजी या प्रश्नाला माझं उत्तर मराठी, देवनागरीच. रोमनमध्ये बागेश्री लिहायच्या चार-पाच तऱ्हा आहेत आणि प्रत्येक कंपनीनं वेगळी छापलीये. देवनागरीत गोंधळ कमी, पण शून्य नाही, आणि जो आहे तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त त्रासदायक आहे. हिंदी साइटवरून कॉपी केलेलं नाव आलं की त्यात नुक्ता (अक्षराखालचा टिंब) येतो, तोडीचं तोड़ी होतं, काफीचं काफ़ी, बिहागड्याचं बिहागड़ा. छोट्या अक्षरात फरक कळतही नाही आणि तुम्ही तोडी शोधलं की त्या फायली येतच नाहीत. वर आणखी नुक्त्याचा ड़ हा संगणकात दोन प्रकारे साठवलेला असू शकतो, एकच अक्षर म्हणून किंवा ड आणि नुक्ता अशी जोडी म्हणून, दिसायला दोन्ही सारखेच. तीच गत मियाँ, मियां आणि मिया यांची. एमपीथ्रीटॅगमध्ये शोधा-बदला ची एक कायमची ॲक्शन बनवून ठेवा, सगळे नुक्ते साफ, चंद्रबिंदू एका पद्धतीनं, आणि नवीन काही संग्रहात घ्यायचं असेल तर आधी त्यावरून ही ॲक्शन फिरवायची मगच आत.

खूप जुन्या एमपीथ्रीवर टॅगची पहिली आवृत्ती असते, तिच्यात तीसच अक्षरं मावतात आणि देवनागरीची सोय नाही, ती काढून टाका आणि दुसरी आवृत्ती लिहा. जुन्या गाडीतल्या प्लेअरवर देवनागरीऐवजी चौकोन दिसतात हे खरंय, ज्यांना गाडीत ऐकायचंय त्यांनी रोमन नावाचं एक जास्तीचं फील्ड ठेवावं.

पिकार्डसारख्या सॉफ्टवेअरबद्दल सावध राहा. ते आवाजाचा ठसा घेऊन सामायिक डेटाबेसमध्ये शोधतं, निघालेल्या सीडीसाठी छान आहे, अल्बमचं चित्र क्रमांक सगळं येतं. पण खाजगी बैठक त्या डेटाबेसमध्ये नसणारच, आणि सगळा संग्रह एकदम त्यावर सोडला तर तुम्ही हातानं लिहिलेलं साथीदारांचं वगैरे त्याच्या माहितीखाली जाऊ शकतं. फक्त सीडीच्या फोल्डरवर वापरा.

कर्नाटक संगीत पण असेल तर परंपरा असं एक फील्ड नक्की करा. त्यांची तोडी म्हणजे स्वरांनी आपल्या भैरवीच्या जवळची आणि आपली तोडी त्यांच्याकडे शुभपंतुवराळीच्या स्वरांत, एकाच यादीत दोन्ही तोड्या आल्या तर ऐकणारा चक्रावतो.

---

अत्रौली_ते_कोल्हापूर

रागाच्या नावांवर अजून कुणी नीट बोललं नाहीये म्हणून लिहितोय. जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं तुमच्याकडे बरंच असेल असं धरून चालतो, सांगली-कोल्हापूरकडच्या घरात ते असतंच, अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिलेले.

लेबलवर छापलंय म्हणून तोच राग असं समजू नका आणि ऐकून वेगळं वाटलं म्हणून लेबलचं नाव पुसूही नका. माझ्याकडे दोन फील्ड आहेत, एक 'राग' ज्यात माझ्या ठरलेल्या यादीतलंच नाव येतं आणि दुसरं 'छापील राग' ज्यात कॅसेटवर सीडीवर जसं असेल तसं. जुन्या लेबलांवर साध्या यमनलाही यमन कल्याण लिहिलेलं सापडतं, आणि ज्यात शुद्ध मध्यमही येतो तो खरा यमनकल्याण वेगळाच आहे. छापील नाव जपून ठेवलं की हा घोळ पुढच्या माणसालाही उलगडता येतो.

मग काही रागांना नुसतं नाव पुरत नाही, अंग (कुठल्या रागाच्या वळणानं गायलाय ते) लिहावं लागतं. कौशी कानडा मालकंस अंगाचा आहे आणि बागेश्री अंगाचाही आहे, दोघांचा चेहरा अगदी निराळा. गौरी भैरव अंगाची वेगळी, पूर्वी अंगाची वेगळी. आसावरी नुसती लिहिलीत तर शुद्ध रिषभाची की कोमल रिषभाची ते कळणार नाही. संपूर्ण मालकंस हा मालकंसात ढकलू नका, त्यात रिषभ पंचम आहेत आणि मालकंसात तेच दोन वर्ज्य आहेत. बसंत बहार हा एक राग आहे, बसंत एक आणि बहार एक अशा दोन किमती करायच्या नाहीत. दोन किमती करायच्या त्या रागमालेला, किंवा एकाच फाईलमध्ये गायक एका रागातून दुसऱ्यात गेला असेल तेव्हा. आणि शोधताना पूर्ण नाव जुळवा, नुसतं 'भूप' टाकलं तर भूपाल तोडी पण समोर येते.

राग ओळखता आला नाही तर फील्डमध्ये 'अनिश्चित' लिहा आणि शेरा मध्ये काय काय वाटतंय ते लिहा, कोणते स्वर लागतायत, कशाच्या जवळचा आहे. जयपूरवाल्यांचे अनवट (क्वचित गायले जाणारे) राग जाणकारांनाही दोनदा ऐकावे लागतात, तिथे घाईनं नाव देऊन टाकणं म्हणजे त्या गाण्यावर अन्याय आहे.

थाट (रागाचा मूळ स्वरगट) आणि वेळ मात्र प्रत्येक फाईलवर हातानं भरत बसू नका. एक्सेलमध्ये एकच तक्ता करा, राग, थाट, वेळ, ऋतू. एमपीथ्रीटॅगमधून सगळ्या फायलींची यादी बाहेर काढता येते, एक्सेलमध्ये व्हीलुकअप (तक्त्यातून जुळणारी नोंद आणणारं सूत्र) लावून बाकीचे रकाने भरायचे आणि तीच मजकूर फाईल परत टॅगमध्ये ओतायची. फक्त फायलींचा क्रम दोन्ही वेळा तोच ठेवा. तक्त्यात रागाचं नाव सापडलं नाही तर रकान्यात चूक असल्याचा संदेश दिसतो, म्हणजे शुद्धलेखन कुठं बिघडलंय तेही आपोआप कळतं.

---

भीमपलास_सांगली

खूपच उपयोगी, सगळ्यांचे मनापासून आभार. अंगाचा मुद्दा तर माझ्या डोक्यातच आला नसता.

अजून दोन प्रश्न. एकाच बैठकीच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या लोकांकडून आल्यात. गाणं तेच आहे हे नक्की, पण लांबी वेगळी आणि सूरही वेगळा लागतोय, एकात गायक काळी एकमध्ये, दुसऱ्यात चक्क पांढरी दोनमध्ये (पेटीच्या पट्ट्यांची नावं). खरी कुठली धरायची? दुसरं, बऱ्याच फायलींच्या सुरुवातीला शेवटी लोकांचं बोलणं आहे, रेडिओवाल्यांची घोषणा आहे, ते कापून फाईल स्वच्छ करू का?

---

टेपस्पूल

कापू नका! ते बोलणं म्हणजेच तुमचा पुरावा आहे. घोषणेत बहुतेक वेळा गायकाचं नाव, राग, साथीदार सगळं असतं. बैठकीत 'आता मुलतानी ऐकूया' असं गायक स्वतः म्हणतो, यापेक्षा मोठा आधार कुठला. गौहर जानच्या १९०२ सालच्या ध्वनिमुद्रणापासून त्या काळातल्या कितीतरी तबकड्यांच्या शेवटी कलाकार स्वतःचं नाव सांगताना ऐकू येतात, कारण तबकडी परदेशात बनायची आणि तिथल्या माणसांना नाव कळायला हवं होतं. आज शंभर वर्षांनंतर आपल्याला त्याच शब्दांचा आधार वाटतो. फार तर गाण्याआधीचं बोलणं वेगळा ट्रॅक म्हणून तोडा आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

सुराचं असं आहे की कॅसेट सेकंदाला ४.७५ सेंटिमीटर वेगानं फिरायला हवी पण जुन्या यंत्रांचा वेग कमीजास्त असायचा, आणि प्रतीवरून प्रत काढताना तो फरक साठत जातो. अर्धा स्वर म्हणजे काळी एक ऐवजी पांढरी दोन व्हायला वेग जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढावा लागतो, म्हणजे अर्ध्या तासाचं गाणं पावणेदोन मिनिटांनी आखूड होतं. तुमच्या प्रतींची लांबी आणि सूर या हिशेबात बसत असेल तर दोष वेगाचाच. तो गायक त्या काळातल्या प्रकाशित रेकॉर्डवर कुठल्या सुरात गातो ते पेटीवर पडताळा. एक मात्र ध्यानात असू द्या, वय वाढलं की गायक पट्टी (गाण्याचा आधार सूर) उतरवतात, त्यामुळे तिशीतल्या रेकॉर्डवरून सत्तरीतली बैठक तपासू नका. आवाजाचा पोत पण ऐका, वेग वाढला की आवाज बारीक आणि तबला टणक लागतो.

तिन्ही प्रती ठेवाव्यात असं माझं मत. ज्यात आवाज सर्वात स्वच्छ आहे तीच मूळ म्हणून तशीच ठेवा, वेग दुरुस्त केलेली प्रत वेगळी करा आणि शेरा मध्ये किती टक्के बदल केला ते लिहा. कुणाकडून आली तेही लिहा. पट्टी असं एक फील्ड केलंत तर घरी रियाज करणाऱ्यांनाही ते फार उपयोगी पडतं, आपल्या पट्टीतलं गाणं लावून त्याच्याबरोबर बसता येतं.

आणि टॅगचं काम सुरू करायच्या आधी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, ती डिस्क दुसऱ्या घरात. फ्लॅकच्या आत मूळ आवाजाची एक खूण साठवलेली असते, टॅग कितीही बदलले तरी ती बदलत नाही, त्यामुळे वर्षातून एकदा सगळ्या फायली तपासून कुठली खराब झालीये का ते खात्रीनं कळतं.

---

मारव्याची_वाट

आईंसाठी सांगते, कारण आमच्याकडेही तेच होतं. फोनवरच्या बहुतेक प्लेअरना आपली स्वतःची फील्ड दिसत नाहीत, शीर्षक, कलाकार, अल्बम आणि जॉनर (संगीतप्रकार) एवढंच दिसतं. म्हणून मूळ संग्रहाला हात न लावता फोनसाठी वेगळी एमपीथ्री प्रत काढायची, फूबारच्या कन्व्हर्टरनं टॅगसकट निघते, आणि त्या प्रतीवर एमपीथ्रीटॅगची एक ॲक्शन फिरवून जॉनरमध्ये राग टाकायचा. मूळ फ्लॅकमध्ये जॉनरला 'हिंदुस्थानी' तसंच राहू दे. मग फोनवर जॉनरची यादी उघडली की सरळ अडाणा, अहिर भैरव, कामोद, केदार असं अकारविल्हे दिसतं, आई मारव्यावर बोट ठेवतील आणि जे जे मारवे आहेत ते सगळे लागतील. शीर्षक पण त्याच ॲक्शनमध्ये बंदिशीचे पहिले दोन-तीन शब्द आणि ताल एवढंच करा, राग जॉनरमध्ये आहे आणि गायक खाली दिसतोच, त्यामुळे स्क्रीनवर अर्धवट तुटत नाही.

घरी फूबारमध्ये वेळ या फील्डवर एक ऑटोप्लेलिस्ट (आपोआप भरणारी यादी) करून ठेवा, सायंकाळ निवडलं की मारवा पूरिया श्री पूर्वी एकत्र. पावसाळ्यात ऋतूवरून सगळे मल्हार. सुरुवात अख्ख्या टेराबाईटनं करू नका, आईंना लागणारे सायंकाळचे राग आधी घ्या, तेवढ्या फायली फोनवर टाका आणि त्यांना वापरून बघू द्या, त्या जे जे मागतील ते फील्ड पुढच्या फायलींना लावा.

---

भीमपलास_सांगली

हे असंच करतो. मारवा, पूरिया, श्री आणि मुलतानी एवढे आधी घेतोय. @अत्रौली_ते_कोल्हापूर, तुमचा तो राग-थाट-वेळेचा तक्ता इथे टाकता येईल का? अनवट रागांपुढे तुम्ही वेळ काय लिहिलीये ते बघायचंय.

---

अत्रौली_ते_कोल्हापूर

टाकतो उद्या. अनवट रागांना मी त्यातल्या मुख्य अंगाची वेळ दिलीये, उदाहरणार्थ बसंती केदार रात्रीचा, आणि जिथे दोन परंपरांत वेळ वेगळी सांगतात तिथे दोन्ही लिहिल्यात. कोमल रिषभ आसावरीची ओळ आणि शुद्ध रिषभाची ओळ वेगवेगळी आहे, एक्सेलमध्ये जुळवताना नाव पूर्ण टाका.